बाबांच्या सीटीची सीडी आणि उघडे दार



आई-बाबा तीन महिन्यांसाठी आले, की बॅगेतून लोणचे-मेतकुटाबरोबर औषधपाण्याची एक जाडजूड फाइलही बाहेर येते. इथे असताना अचानक दवाखाना गाठावा लागला, तर त्या फाइलमध्ये आणखी एका वस्तूची भर पडते: सीटी स्कॅनची सीडी. पुण्याच्या डॉक्टरांचा सल्ला तर लगेच हवा असतो, पण घरातल्या नव्या लॅपटॉपला सीडीचा कप्पाच नाही! मग तिकडून निरोप येतो, "व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाका." आणि आपण टाकतो.

आता एका सीटीमध्ये शेकडो काप असतात. डॉक्टर ते पुढे-मागे सरकवून पाहतात, गाठ दिसली तर मोजतात, उजळपणा बदलतात. त्यासाठी 'डायकॉम' नावाच्या स्वरूपातली मूळ फाइल लागते. पडद्याचा मोबाइलने काढलेला फोटो म्हणजे पुस्तकाच्या एका पानाची सावली. शिवाय बाबांचे नाव आणि जन्मतारीख त्या फोटोवर असतेच, आणि तो पुढे किती फोनमध्ये जातो ते आपल्याला कळत नाही.

पण आपल्या घाईला नावे ठेवण्याआधी मोठ्या संस्थांकडे काय झाले तेही पाहू या. सप्टेंबर २०१९ मध्ये बायरिशर रुंडफुंक आणि अमेरिकेतील प्रोपब्लिका यांनी एक बातमी दिली. जगभरातल्या १ कोटी ६० लाखांहून अधिक तपासण्यांच्या नोंदी इंटरनेटवर उघड्या पडल्या होत्या. त्यांत जर्मनीतल्या रुग्णांच्या १३ हजारांहून अधिक नोंदी होत्या, बहुतेक इंगोलश्टाट परिसर आणि केम्पेन इथल्या. हे शोधून काढले ते ओस्नाब्र्युकच्या ग्रीनबोन नेटवर्क्स या कंपनीने.

यात कोणी कुलूप फोडले नव्हते. कुलूपच लावलेले नव्हते! डायकॉम हे मानक १९९३ चे. रुग्णालयाच्या चार भिंतींच्या आत यंत्रे एकमेकांशी बोलावीत, हा त्याचा मूळ हेतू. पुढे संदेश गुप्त करण्याची सोय त्यात आली, पण ती चालू करणे ज्याच्या त्याच्या हाती राहिले. सर्व्हर थेट इंटरनेटला जोडला आणि पासवर्ड ठेवला नाही, की दार सताड उघडे.

बातमीनंतर काही आठवड्यांत जर्मनीतले असे सर्व्हर बंद झाले. भारतात मात्र उघड्या नोंदी वाढल्या. फेब्रुवारी २०२० मध्ये ग्रीनबोनच्या पुढच्या अहवालाची आकडेवारी भारतीय वृत्तपत्रांत आली, तेव्हा राज्यांच्या यादीत पहिला क्रमांक आपल्या महाराष्ट्राचा होता. सुमारे ३ लाख ८ हजार नोंदी आणि त्यांतून दिसणारी जवळजवळ ७ कोटी चित्रे! म्हणजे आपण इथून जपून पाठवलेली फाइल तिकडे कुठे ठेवली जाते, हेही विचारायला हवे.

मग सगळे बंद करून टाकावे का? तसे केले तर दुसरे नुकसान होते. जुना सीटी मिळाला नाही, तर नवा काढतात. किरणे पुन्हा अंगावर, वेळ आणि पैसा पुन्हा खर्च. जिथे सुरक्षित वाट सोपी असते, तिथे लोक तीच धरतात, हे जर्मनीतच दिसते. रूर भागात उभ्या राहिलेल्या वेस्टडॉइचर टेलेराडिओलोगीफरबुंडमध्ये शेकडो रुग्णालये आणि दवाखाने एकमेकांना चित्रे गुप्त स्वरूपात पाठवतात. अपघाताच्या रुग्णांसाठी टीकेमेड हे जाळे आहे. रुग्ण रुग्णवाहिकेत असतानाच त्याचा सीटी पुढच्या डॉक्टरांसमोर पोहोचू शकतो.

आणि सरकारी 'ईपीए', म्हणजे इलेक्ट्रॉनिक रुग्णफाइल? डिसेंबर २०२४ मध्ये हँबर्गच्या केऑस कॉम्प्युटर क्लबच्या परिषदेत तिच्यातल्या पळवाटा दाखवल्या गेल्या. काही दुरुस्त्यांनंतर २९ एप्रिल २०२५ पासून ती देशभर आली आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून डॉक्टरांना ती भरणे बंधनकारक झाले. पण सुरुवातीला तिच्यात रिपोर्ट पीडीएफ म्हणून जात होता, मूळ डायकॉम चित्रे नाहीत. आणि प्रवासविम्यावर आलेल्या आई-बाबांना ती मिळतच नाही, कारण ती इथल्या क्रांकेनकासेच्या सभासदांची सोय आहे.

तेव्हा आमचे मत असे, की सध्या तरी आपल्या माणसांच्या चित्रांचा खरा राखणदार म्हणजे आपणच. कायदा आपल्या बाजूने आहे. २६ ऑक्टोबर २०२३ रोजी युरोपीय न्यायालयाने जर्मनीतल्याच एका दंतवैद्याच्या खटल्यात निकाल दिला, की वैद्यकीय नोंदींची पहिली प्रत रुग्णाला विनामूल्य मिळाली पाहिजे आणि ती का हवी हे सांगण्याचीही गरज नाही. एक्स-रे आणि सीटीची चित्रे इथे दहा वर्षे जपावी लागतात. अठरा वर्षांखालील मुलांची तर त्यांच्या वयाच्या २८ व्या वर्षापर्यंत.

म्हणून दवाखान्यातून निघतानाच प्रत मागावी आणि ती डायकॉम स्वरूपात हवी असे स्पष्ट सांगावे. सीडीऐवजी पासवर्डची लिंक मिळेल का, तेही विचारावे. अनेक ठिकाणी मिळते. सीडीच मिळाली, तर कोणाकडून तरी बाहेरचा ड्राइव्ह आणून घरी उतरवून घ्यावी, तारीख घालून ठेवावी. भारतात पाठवायची तर फाइलला पासवर्ड लावून पाठवावी आणि पासवर्ड फोनवर सांगावा. तिकडच्या डॉक्टरांनाही नम्रपणे विचारावे, "हे तुमच्याकडे कोण कोण पाहू शकते?" यात संकोच कसला? उत्तर देता आले नाही, तर तेही एक उत्तरच.

विल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ मध्ये वुर्झबुर्गला क्ष-किरण शोधले आणि माणसाच्या आतले दिसू लागले. ते कोणी पाहायचे, हे मात्र आपण ठरवायचे. पुढच्या वेळी आई-बाबांची बॅग भरताना पासपोर्टच्या शेजारी ही प्रतही आठवणीने ठेवा. काळजी घ्या, मंडळी!