वरच्या खणातली पुस्तकं



आपल्या शाळेच्या कपाटात खालच्या खणात गोष्टींची पुस्तकं आहेत आणि वरच्या खणात कादंबऱ्या. त्या मोठ्या माणसांच्या, तुम्हांला कळायच्या नाहीत, असं सगळे म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. दिवाळीच्या सुट्टीत बाईंनी मला त्यातल्या दोन दिल्या, म्हणून सांगते.

पहिली व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी'. १९५५ सालची. पुस्तक लहानसं आहे, चार दिवसांत होतं. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर एक तरुण मास्तर येतो. पण शाळेत पोरंच नाहीत, सगळी मेंढरांमागं! हळूहळू पोरं जमतात, वाडी मिळून तालीमही बांधते. मग दुष्काळ पडतो. पुढचं सांगत नाही. आपल्या वर्गात ज्यांच्या घरी मेंढरं आहेत त्यांना हे पुस्तक गुरुजींपेक्षाही जास्त कळेल. (गुरुजी, रागावू नका.)

दुसरी आनंद यादवांची 'झोंबी'. ही १९८७ साली निघाली आणि १९९० साली हिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. लेखकाच्या स्वतःच्या लहानपणाचीच कथा आहे. कागलच्या पोराला शिकायचं असतं, आणि बाप त्याला मळ्यात राबवतो. मार वाचवत नाही, दोन-तीन ठिकाणी मी पानं उलटली. पण माणसं आपल्या घरात बोलतात तशीच बोलतात. निबंधात आपण तसं लिहिलं की लाल शाई मिळते!

ही मी रात्री मोठ्यानं वाचायची. आई भाकरी थापताना ऐकायची. आमचा थोरला भाऊ सातवी झाल्यावर म्हशींमागं गेला, तोही ऐकत बसायचा. तिसऱ्या रात्री आप्पा म्हणाले, "बापाची पण काही अडचण असंल की." कुणीच काही बोललं नाही. मला वाटतं, आप्पांचंही खरं आहे आणि त्या पोराचंही. खालच्या खणातल्या गोष्टींत असं होत नाही. तिथं एक शहाणा असतो नि एक मूर्ख.

म्हणून माझं मत, सहावी-सातवीला वरचा खण उघडा करावा. कळणार नाही ते सोडून पुढं जाऊ.

'बनगरवाडी' मी परत केली आहे, उजव्या कोपऱ्यात ठेवली आहे. 'झोंबी'ला मात्र आणखी आठ दिवस द्यावेत. भाऊ वाचतोय.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी