प्रवासी की पाहुणा?

सुट्टीत डहाणूच्या किनाऱ्यावर पुष्कळ प्रवासी येतात. समुद्रात डुंबतात, खातात आणि कचरा वाळूत टाकून जातात. तालुक्यातील सरावली, गंजाड, घोलवड या गावांकडे ते फिरकतही नाहीत. मुलांनो, हा खरा प्रवास नव्हे.

इराणच्या वाळवंटी यझ्द भागातून आलेल्या कुटुंबांनी या किनारी मुलखात चिकूच्या बागा फुलवल्या. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी वारली चित्रकला जगभर नेली; २०११ मध्ये त्यांना 'पद्मश्री' हा सन्मान मिळाला.

म्हणून प्रवाशाने बागायतदाराकडून बागेची हकिगत ऐकावी. चित्र चित्रकाराकडूनच विकत घ्यावे. दुकानातील स्वस्त नकलेने त्याची चूल पेटत नाही. आपला कचरा आपणच परत न्यावा. किनारा हे कुणाच्या तरी घराचे अंगण आहे. तिथे पाहुण्यासारखे वागावे.