सिरपूरचा प्रश्न एकट्या विद्याशाखेचा नाही

रायपूर : कापड बाजारासाठी परिचित असलेल्या पंडरीपासून सुमारे ८० किलोमीटरवर महानदीकाठी दक्षिण कोसलची प्राचीन राजधानी सिरपूर वसली आहे. १९५०च्या दशकात मोरेश्वर दीक्षित यांच्या उत्खननात येथे विटांचा विहार आणि भिक्षू आनंदप्रभूचा संस्कृत शिलालेख उजेडात आला. शैव राजा महाशिवगुप्त बालार्जुनाच्या राज्यात बौद्ध संघही नांदत होता, हे त्यातून स्पष्ट झाले.

मात्र, सातव्या शतकात ह्युएनत्संगने पाहिलेली कोसलची राजधानी हीच काय, यावर अभ्यासकांत मतभेद राहिले आहेत. कनिंगहॅम यांनी चांदा, म्हणजे आजचे चंद्रपूर, तर फर्ग्युसन यांनी वैरागडचा पर्याय मांडला होता. ह्युएनत्संगने या राजधानीशी नागार्जुनाचे नाव जोडल्याने स्थळनिश्चितीला केवळ भौगोलिक महत्त्व नाही.

या प्रश्नाचे पुरावे चिनी प्रवासवृत्त, संस्कृत लेख आणि उत्खननातील थर यांत विखुरलेले आहेत. त्यांचे जाणकारही वेगवेगळ्या विभागांत आहेत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीसोबत पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला. तो स्वागतार्ह असला, तरी केवळ पालीच्या बळावर सिरपूरचा संस्कृत लेख उलगडणार नाही. नागपूर, पुणे व मुंबई विद्यापीठांतील पालीचे अभ्यासक, पुरातत्त्वज्ञ आणि चिनी भाषेचे जाणकार प्रत्यक्ष स्थळावर एकत्र बसले, तरच दाव्यांची जागा पुरावे घेतील. अन्यथा इतिहासाचा निकाल पर्यटनाचे फलकच लावतील.