मोबाइलवरून पक्ष्याला साद घातली, तर ती शिकार ठरते का?

होळी उलटली की नंदुरबार जिल्ह्यातल्या खांडबाऱ्यासारख्या गावांभोवतीच्या माळांवर तितरांची साद ऐकू येऊ लागते. हा विणीचा काळ. दुसऱ्या नराचा आवाज आला की नर तितर भांडायला धावतो. पारंपरिक फासेपारधीत याचाच फायदा घेतला जायचा: पिंजऱ्यात पाळीव तितर, भोवती फासे आणि मग नुसतं वाट बघणं.

अमेरिकेत वसंतात होणारी टर्कीची शिकारही आवाजावरच चालते, पण तिथे मादीचा आवाज काढतात. एरवी नराने साद घातली की मादी त्याच्याकडे जाते. शिकाऱ्याला उलटं हवं असतं. म्हणून मुरलेला शिकारी दोन-तीनदा आवाज देऊन गप्प बसतो, कधी तासभर. सारखा आवाज दिला तर नर जागीच थांबतो, मादी येईलच म्हणून. तिथे परवाना मिळतो, तरी बहुतेक राज्यांत रेकॉर्ड केलेल्या आवाजाला बंदी आहे. यंत्र थकत नाही आणि ते वाजवायला कसबही लागत नाही.

भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या कलम 9 नुसार शिकारीलाच मनाई आहे. याच कायद्यात पकडणं, फासे लावणं, आमिष दाखवणं आणि तसा प्रयत्न करणं हे सगळं ‘शिकार’ या व्याख्येत येतं. म्हणजे तितर पकडायला मोबाइलवर साद वाजवली आणि हाती काहीच लागलं नाही, तरी गुन्हा होतो. सर्वसाधारण शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. 2022 च्या दुरुस्तीने दंडाची कमाल मर्यादा 25 हजारांवरून 1 लाख रुपये झाली.

गुंता आहे तो छायाचित्रकारांचा. त्यांना पक्षी पकडायचा नसतो, त्यामुळे ते या व्याख्येत सरळ बसत नाहीत. पक्ष्याला मात्र हेतू कळत नाही. घरटं सोडून तो नसलेल्या प्रतिस्पर्ध्याला शोधत फिरतो.

याच जिल्ह्यात शहाद्याजवळ नोव्हेंबर 1997 मध्ये रानपिंगळा तब्बल 113 वर्षांनी पुन्हा सापडला. तेव्हा शोधणाऱ्यांकडे वाजवायला त्याचा आवाजच नव्हता. पायपीट करून, झाडं न्याहाळून तो दिसला. आता त्याची साद रेकॉर्ड झाली आहे, संशोधक गणनेसाठी ती ठरावीक वेळ वाजवतात. पर्यटकाच्या फोनवर ती किती वेळ वाजावी, हे ठरवणारं तिथे कुणी नसतं.