निकष आधीं, गुण मागाहून

दर्यापूरच्या बाजारांत कापूस घेऊन आलेल्या शेतकऱ्यास भाव कां उतरला, हें विचारण्याचा हक्क आहे. भारतीय कापूस महामंडळाच्या हमीभाव-खरेदींत ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असल्यास पूर्ण भाव, त्यापुढें १२ टक्क्यांपर्यंत प्रमाणशीर कपात, आणि त्याहून अधिक असल्यास खरेदीच नाहीं. हा नियम गाडी भरण्यापूर्वींच त्यास ठाऊक असतो. परंतु त्याच शेतकऱ्याच्या मुलानें महाविद्यालयाच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांत निबंध धाडला व १० पैकीं ४ गुण पडले, तर ते चारच कां, याचें उत्तर त्यास पुष्कळदां मिळत नाहीं. कापसास जो न्याय, तो लेखनास नसावा काय?

या न्यायाचें साधन हाताशीं आहे. ऑस्ट्रेलियांतील मार्टिन डूगियामास यांनीं २००२ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘मूडल’ या प्रणालींत २०११ पासून ‘रूब्रिक’ म्हणजे निकषतक्ता करण्याची सोय आहे. डावीकडे निकष, प्रत्येकापुढें त्याच्या पायऱ्या, पायरीगणिक गुण. शिक्षकानें खुणा कराव्या, बेरीज यंत्रानें करावी.

यावर जुन्या वळणाचे प्राध्यापक म्हणतात, निबंध म्हणजे कांहीं कापसाची गांठ नव्हे. त्याचा कस मुरलेल्या नजरेसच कळतो. नजरेची महती आम्हांसही मान्य आहे. पण ती स्थिर किती असते? हार्टोग व ऱ्होड्स यांनीं इतिहासाच्या उत्तरपत्रिका त्याच परीक्षकांकडून वर्ष-दीड वर्षानें फिरून तपासविल्या व १९३५ सालीं फल प्रसिद्ध केलें: २१० निर्णयांपैकीं ९२ बदलले होते. मुरलेल्या नजरेचा हा हिशेब!

तक्त्याचे अभिमानी म्हणविणारेही कमी अपराधी नाहींत. कोठल्या तरी इंग्रजी तक्त्यावरून ‘उत्कृष्ट, चांगला, बरा, असमाधानकारक’ एवढें उतरून घेतलें कीं त्यांचें कर्तव्य संपतें. पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाणपट्ट्यावर निबंध मागवावयाचा आणि निकष ‘मांडणी चांगली’ एवढाच ठेवावयाचा, यांत विद्यार्थ्यास काय कळलें? त्याऐवजीं ‘आपल्या गांवच्या पाण्याचें एक तरी उदाहरण दिलें आहे, कारणें व परिणाम वेगवेगळे दाखविले आहेत, सुचविलेल्या उपायाची अडचणही सांगितली आहे’ असें स्वच्छ मराठींत लिहिलें, तर लिहितांनाच त्यास वाट दिसते.

यंत्राची बेरीजही डोळे मिटून घ्यावी अशी नाहीं. चार निकष व प्रत्येकास १ ते ४ गुण असा तक्ता घ्या. चारही ठिकाणीं दोन-दोन गुण मिळविणाऱ्याचे १६ पैकीं ८, म्हणजे निम्मे होतात. परंतु तक्त्याच्या पर्यायांत किमान गुण राखण्याची खूण केलेली नसेल, तर मूडल सर्वांत खालची पायरी शून्य धरतें. मग त्याच विद्यार्थ्याचे १२ पैकीं ४, म्हणजे ३३ टक्के उरतात. जेथें ४० टक्क्यांस उत्तीर्ण, तेथें त्या एका खुणेपायीं मूल नापास होतें आणि शिक्षकास त्याची वार्ताही नसते! प्रत्येक निकषाच्या शेवटच्या पायरीस शून्य गुण ठेवले, कीं हा घोटाळा मुळांतच मिटतो. पण त्यासाठीं तक्ता कोणी तरी विचारपूर्वक केलेला असला पाहिजे.

तक्ता विद्यार्थ्यास आधीं दाखवावा कीं गुणदानानंतरच, हेंही त्याच पर्यायांत शिक्षकाच्या हातीं ठेविलें आहे. मागाहून दाखविलेल्या निकषास आम्ही सबब म्हणतों.

आमची मागणी मोठी नाहीं. दर्यापूर, अकोट, अंजनगांव येथील महाविद्यालयांतील शिक्षकांनीं आपापला तक्ता स्वतः, विद्यार्थी ज्या भाषेंत लिहितात त्याच भाषेंत, निबंध मागविण्यापूर्वीं लिहावा; दोघां सहकाऱ्यांनीं त्यावरून मागील वर्षाचे पांच निबंध एकमेकांस न विचारतां तपासावे; जेथें गुणांत फार अंतर पडेल तेथील शब्द सुधारावे, आणि मगच तो विद्यार्थ्यांपुढें ठेवावा. यास एक संध्याकाळ लागेल. ती देण्यास जो तयार नाहीं, त्यानें निदान मुलांच्या आळसाविषयीं बोलूं नये.