खूण म्हणजे संग्रह नव्हे

इंटरनेटवर जें एकदां आलें तें कायमचें राहिलें, असा एक समज सुशिक्षितांत रूढ झाला आहे. एखादा चांगला लेख वाचनांत आला कीं ब्राउझरच्या कोपऱ्यांतील ताऱ्यावर बोट ठेवावें, बुकमार्क झाला असें म्हणावें, आणि लेख आपल्या संग्रहीं पडला अशा समाधानांत रहावें, हा आज बहुतेकांचा क्रम आहे. हा क्रम भोळेपणाचा तर आहेच. पण आपल्या पिढीनें जें लिहिलें त्याला तो घातकहि आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

बुकमार्कांत असतें काय? लेखाचें नांव आणि पत्ता, एवढेंच. लेख राहतो तो कोणा दुसऱ्याच्या सर्व्हरवर. त्यानें जागेचें भाडें भरलें नाहीं, संकेतस्थळाची रचना बदलली, किंवा चालकांच्या मनांत आलें, कीं लेख नाहींसा होतो आणि आपल्या हातीं ओसाड घराचा पत्ता उरतो. ही भीति काल्पनिक नव्हे. अमेरिकेंतील प्यू रिसर्च सेंटर या संस्थेनें २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत असें आढळलें कीं, २०१३ सालीं अस्तित्वांत असलेल्या पृष्ठांपैकीं शेंकडा ३८ पृष्ठें दहा वर्षांनंतर उघडत नव्हतीं. बरें, लेख नंतर वाचण्यासाठीं ठेवून देण्याच्या ज्या खास सोयी, त्या तरी शाश्वत आहेत काय? २००७ सालीं निघालेली ‘पॉकेट’ ही अशीच सोय मोझिला कंपनीनें ८ जुलै २०२५ रोजीं बंद केली. आपली ठेव उचलून नेण्यास लोकांना कांहीं महिन्यांची मुदत मिळाली, एवढेंच.

यावर कोणी म्हणेल, “जाईना का! सगळेंच कशाला जपावयाचें?” सगळें जपा असें कोणीच म्हणत नाहीं. परंतु निवड आपण करणें आणि निवड कोणा कंपनीच्या जमाखर्चावर सोडणें, यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. ज्याला वाचतां वाचतां खूण करावीशी वाटली, त्यानें निवड केलेलीच असते. तेथून पुढची दोन पावलें टाकण्याचा मात्र त्याला कंटाळा.

याहून वाईट प्रकार लेख दुसऱ्यांना पाठविण्याचा आहे. लिंक धाडावयाची सोडून आपण पानाचें छायाचित्र, म्हणजे स्क्रीनशॉट, काढतों. त्यांतून लेखकाचें नांव व तारीख कापली जाते. किंवा मजकूर तेवढा उचलून पुढें ढकलतों. चार हातांतून गेल्यावर त्या मजकुराला भलत्याच प्रसिद्ध लेखकाचें नांव चिकटतें, आणि ज्यानें रात्री जागून तो लिहिला तो बिचारा निनांवी होतो. आंधळें दळतें आणि कुत्रें पीठ खातें, त्यांतलीच ही गत. शिवाय असला मजकूर खरा कीं खोटा हें ताडून पाहण्याचा मार्गहि त्याबरोबरच बुजतो.

आपल्या पूर्वजांना ही शिस्त ठाऊक होती. पोथीची नक्कल उतरणारा साधा लेखकहि शेवटीं शक, तिथि, गांव व आपलें नांव नोंदवून ठेवी. वि. का. राजवाडे यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या ग्रंथमालेचा पहिला खंड काढला आणि पुढें तिचे बावीस खंड झाले. त्या कागदांना साधनाची योग्यता आली ती केवळ मजकुरामुळें नव्हे. कागद कोणाचा, केव्हांचा, कोणत्या दप्तरांतला, हें सांगतां आलें म्हणून.

आणि यासाठीं आज करावयाचें तरी किती? ब्राउझरमध्यें छपाईचा आदेश द्यावा व कागदाऐवजीं पीडीएफ निवडावी. पानाच्या माथ्यावर व पायाशीं पत्ता आणि तारीख छापण्याची सोय तेथेंच असते. ती मुद्दाम चालू ठेवावी. सबंध पान जतन करण्याचा आदेश दिल्यास बहुधा एक फाइल आणि तिच्यासोबत एक फोल्डर तयार होतो. यांची ताटातूट झाली कीं चित्रें हरवतात, हें ध्यानांत असावें. युनिकोडपूर्व काळांतील कांहीं मराठी पानें विशिष्ट फॉन्टवांचून निव्वळ अगम्य चिन्हें दाखवितात. तीं नीट दिसत असतांनाच त्यांची पीडीएफ करणें शहाणपणाचें. १९९६ पासून चाललेल्या इंटरनेट आर्काइव्हच्या ‘वेबॅक मशीन’मध्यें पत्ता देऊन पानाची सार्वजनिक प्रतहि करवितां येते. मात्र तीहि दुसऱ्याच्या घरची. ती आहे म्हणून आपली प्रत अनावश्यक ठरत नाहीं.

“ही चोरी नव्हे काय?” असा एक सोज्ज्वळ आक्षेप येतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमानें खासगी उपयोगासाठीं व संशोधनासाठीं उचित वापराची मुभा दिली आहे. घरीं प्रत ठेवणें एक आणि ती गांवभर वाटणें दुसरें. वाटावयाची असेल तर लिंक वाटावी, सोबत लेखकाचें नांव व आपल्याला आवडलेल्या दोन ओळी द्याव्या. वाचणारा मूळ स्थळीं जाईल, आणि लेखकालाहि वाचक मिळेल. नांव कापून लेख फिरविणाऱ्यांनीं कायद्याच्या शुचितेची भाषा बोलावी, हें मात्र नवल होय!

ज्या घरांत दागिन्यांच्या पावत्या वर्षानुवर्षें जपल्या जातात, त्या घरांत वाचलेल्या लेखाची प्रत, पत्ता आणि तारीख जपण्यास जागा नाहीं, असें आम्ही मानीत नाहीं. मुलें शाळेच्या प्रकल्पासाठीं मजकूर उतरवून घेतात, तेव्हां “हें कोठून घेतलेंस?” एवढा प्रश्न आईबापांनीं नेमानें विचारावा, आणि तोच प्रश्न स्वतः कांहीं पुढें धाडण्यापूर्वीं आपल्यालाहि विचारावा. उत्तर देतां येत नसेल तर तो मजकूर पुढें जातां कामा नये.