'गुण' ह्या शब्दाचे गुण

नित्याच्या बोलण्यांतील शब्द आपणांस पुरते कळले आहेत, असें आपण सर्व जण गृहीत धरून चालतों. कठीण शब्द अडला म्हणजे कोश उघडण्याची बुद्धि होते. सोप्या शब्दासाठीं कोश उघडणारा विरळा. तथापि पाहूं गेल्यास, कठीण शब्दांपेक्षां सोप्या शब्दांमुळेंच गैरसमज अधिक होतात. 'गुण' हा असाच एक शब्द आहे. शाळेंत, घरीं, वैद्याकडे, लग्नाच्या बोलण्यांत, सर्वत्र तो ऐकूं येतो. परंतु सर्वत्र त्याचा अर्थ एकच नसतो. ह्या दोन अक्षरी शब्दाची थोडी विचारपूस करण्याचें आम्हीं योजिलें आहे, आणि ती केवळ करमणुकीसाठीं नव्हे.

संस्कृत भाषेंत 'गुण' ह्या शब्दाचा एक जुना अर्थ दोरा किंवा दोरीचा पदर असा आहे. धनुष्याच्या दोरीसही गुण म्हणतात. ज्या दोरीस दोन पदर ती द्विगुण, जीस तीन ती त्रिगुण. ह्याच वाटेनें हा शब्द गणितांत शिरला. सातास तिनानें गुणिलें म्हणजे तेच सात तिपदरी झाले. भास्कराचार्यांनीं इ. स. ११५० मध्यें रचिलेल्या 'लीलावती'ंत गुणनाच्या अनेक रीति सांगितल्या आहेत, आणि गुण्य, गुणक, गुणाकार हे शब्द आपलीं मुलें आजही रोज उच्चारितात. येथें चांगल्यावाइटाचा प्रश्नच नाहीं. इतकेंच काय, एखाद्या संख्येस अर्ध्यानें गुणिलें असतां ती वाढण्याऐवजीं घटते. तरी त्या क्रियेस गुणाकारच म्हणतात.

व्याकरणाच्या तासास हाच शब्द निराळ्या वेषांत भेटतो. पाणिनीनें आपल्या 'अष्टाध्यायी'च्या दुसऱ्याच सूत्रांत अ, ए आणि ओ ह्या स्वरांस 'गुण' हें नांव दिलें आहे. महा आणि ईश मिळून महेश, सूर्य आणि उदय मिळून सूर्योदय, हे ज्या संधीनें होतें तिला आपण गुणसंधि म्हणतों. ए आणि ओ हे स्वर इतर स्वरांहून सुशील आहेत, असा अर्थ कोणीही विद्यार्थी काढीत नाहीं.

तत्त्वज्ञांच्या घरीं गेलें असतां आणखी नवल दिसतें. सांख्यांनीं सत्त्व, रज आणि तम असे तीन गुण मानिले. त्यांपैकीं तम म्हणजे जडता व अज्ञान. तरी तोही गुणच. वैशेषिक दर्शनांत कणादानें १७ गुण सांगितले, आणि पुढें प्रशस्तपादानें त्यांत ७ मिळवून ते २४ केले. ह्या यादींत रंग, रस, गंध व संख्या आहेत. त्याचप्रमाणें दुःख, द्वेष व अधर्म हेही आहेत. द्रव्याच्या आश्रयानें जें राहतें तें गुण, एवढाच तेथें अभिप्राय. आमच्या संतांनीं तर परमेश्वरास 'निर्गुण' म्हटलें, आणि ती परमोच्च स्तुति झाली. तोच शब्द शेजारच्या मुलास लावून पाहावा, म्हणजे त्याची आई काय म्हणेल हें सांगावयास नको !

राजनीतींत संधि, विग्रह, आसन, यान, संश्रय व द्वैधीभाव ह्या सहा उपायांस कौटिल्य 'षाड्गुण्य' म्हणतो. काव्यांत माधुर्य, ओज व प्रसाद हे गुण. आयुर्वेदांत गुरु आणि लघु, शीत आणि उष्ण अशा जोड्यांचे २० गुण; आणि औषध लागू पडलें म्हणजे आपण सहज म्हणतों, 'गुण आला.' अर्वाचीन जीवशास्त्रानें ह्यांत भर घातली आहे. मनुष्याच्या पेशींत ४६ गुणसूत्रें असतात, हें १९५६ सालीं निश्चित झालें. 'गुणसूत्र' ह्या जोडशब्दांत 'गुण' म्हणजे पिढीजात लक्षण आणि 'सूत्र' म्हणजे दोरा; मूळच्या दोरीच्या पदराशेजारीं दोरा पुन्हां येऊन बसला आहे, ही मौज विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

लोकभाषेनें ह्या शब्दास कसें वळविलें आहे तेंही पाहावें. 'ढवळ्याशेजारीं बांधला पवळ्या, वाण नाहीं पण गुण लागला' ह्या म्हणींत गुण म्हणजे उघड उघड खोड. 'चिरंजीवांनीं गुण उधळले' असें म्हटलें कीं, वडिलांची मुद्रा न पाहतांही अर्थ कळतो. लग्न जुळवितांना पत्रिकेंतील ३६ गुण मोजितात. वर्णाचा १, वश्याचे २, असें चढत जाऊन नाडीचे ८, ह्यांची ती बेरीज. जन्मवेळेवरून मांडिलेल्या त्या हिशेबांत वधूची ममता किंवा वराचा उद्योगीपणा कोठेंही मोजिलेला नसतो.

आतां आमच्या मुख्य मुद्द्याकडे येऊं. शाळेंत उत्तरपत्रिकेवर जो आंकडा लिहितात त्यासही आपण 'गुण' म्हणतों. इंग्रजींत त्यास 'मार्क' म्हणतात, आणि मार्क म्हणजे केवळ खूण. खुणेस चांगुलपणाचा वास नाहीं. मराठींत मात्र त्या खुणेस जो शब्द लाभला, तोच आपण सत्य, धैर्य, दया ह्यांसही लावितों. त्यामुळें 'ह्यास गुण कमी पडले' हें वाक्य 'हा गुणानें कमी आहे' ह्या वाक्याच्या फार जवळ येऊन बसतें. पहिलें वाक्य तीन तासांच्या एका उत्तरपत्रिकेविषयीं आहे. दुसरें सबंध मुलाविषयीं. एकावरून दुसऱ्यावर आपण नकळत उडी घेतों, आणि मूल तें निमूटपणें खरें मानतें.

आमच्या नैयायिकांनीं ह्या दोषास फार पूर्वीं नांव देऊन ठेविलें आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत 'छल' सांगितला आहे, आणि त्याचा पहिला प्रकार वाक्छल. एकानें म्हटलें, 'हा मुलगा नवकंबल आहे,' म्हणजे त्याची कांबळ नवी आहे. 'नव' ह्याचा अर्थ नऊ असाही होतो, तेवढें धरून दुसरा म्हणाला, 'ह्याच्यापाशीं नऊ कांबळीं कोठें आहेत ? एकच तर आहे !' हें ऐकून आपण हंसतों. परंतु गुणपत्रिका हातांत घेऊन मुलाच्या शीलाचा निवाडा करणें, हाही वाक्छलच आहे. फरक इतकाच कीं, त्यांत हंसण्यासारखें कांहीं नाहीं.

कोणी म्हणतील, मग परीक्षेच्या आंकड्यास दुसरा शब्दच योजावा. आम्हांस तें आवश्यक वाटत नाहीं. एका शब्दानें अनेक घरें सांभाळणें ही भाषेची संपत्ति आहे. शब्द बदलल्यानें मनांतील घोटाळा जात नाहीं. तसेंच, परीक्षेचे गुण कवडीमोल आहेत असेंही आमचें म्हणणें नाहीं. ज्यानें नेमानें अभ्यास केला त्याचा आंकडा बहुधा तें सांगतो, आणि आळसाचीही साक्ष तो देतो. १०० पैकीं ३५ न मिळाल्यास विषय पुन्हां शिकावा लागेल, एवढा इशारा त्यानें अवश्य द्यावा. परंतु आजारी आईची शुश्रूषा करून परीक्षेस बसलेली मुलगी, किंवा नक्कल करण्याची संधि असतां कोरें पान ठेवून उठलेला मुलगा, ह्यांच्या पदरीं जें आहे तें कोणत्याही परीक्षकाच्या लाल पेन्सिलीस दिसत नाहीं. उलट, ९० गुण मिळवून दुर्बळ सोबत्यास हिणविणाऱ्याचा अवगुणही तीस दिसत नाहीं.

म्हणून विद्यार्थिमित्रहो, कोणताही शब्द कानीं पडला म्हणजे तो कोणत्या शास्त्रांतून बोलत आहे, हें प्रथम विचारण्याची संवय लावा. 'पद', 'अंग', 'रस', 'वर्ग' हे शब्दही असेच बहुरूपी आहेत. सुटींत कोश घेऊन त्यांचा माग काढून पाहा. पालकांस आमची विनंति इतकीच कीं, गुणपत्रिकेंतील आंकडे पाहून झाल्यावर ती क्षणभर बाजूस ठेवावी, आणि जे गुण तींत लिहिण्यास रकाना नाहीं, त्यांविषयींही आपल्या मुलाशीं दोन शब्द बोलावे.